चित्रपट विसरले, फिती उरल्या

२००६ साली इंग्लंडमध्ये एक गाणे केवळ डाऊनलोडच्या बळावर विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. असा मान मिळवणारे ते तिथले पहिलेच गाणे होते. नार्ल्स बार्कली या अमेरिकी जोडीच्या या 'क्रेझी'चे श्रेय ज्या चौघांच्या नावे लागते त्यांतले दोघे इटालियन आहेत, जान फ्रांको आणि जान पिएरो रेव्हेर्बेरी, आणि त्यांनी आपला वाटा अडतीस वर्षे आधीच उचलला होता. १९६८ साली 'प्रेपाराती ला बारा', म्हणजे 'शवपेटी तयार ठेव', अशा नावाचा एक इटालियन काउबॉयपट आला होता. त्यातल्या टुसॉनच्या दफनभूमीतल्या प्रसंगासाठी या दोघांनी एक छोटीशी धून रचली होती, आणि 'क्रेझी'चा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. दोन्ही रचना लागोपाठ ऐकल्या तर आधी गंमत वाटते आणि मग प्रश्न पडतो, की ज्या चित्रपटाचे नाव आज जाणकारांखेरीज कुणाला सांगता येत नाही, त्याचे संगीत इतकी वर्षे होते कुठे, आणि ते इतके ऐकण्याजोगे राहिले कसे?

इटली आणि फ्रान्समधल्या १९६० आणि १९७०च्या दशकांतल्या चित्रपटसंगीताचे जे पुनरुज्जीवन गेली पंचवीस-तीस वर्षे चालू आहे, त्याचे उत्तर कलेपेक्षा व्यवहारात अधिक सापडते. इटलीत त्या काळी वर्षाला दोनशेहून अधिक चित्रपट निघत. निर्मात्याकडे पैसा बेताचा असे आणि वाद्यवृंदाचा खर्च त्याला जड जाई. म्हणून एक सोय रूढ झाली होती: स्टुडिओचे भाडे आणि वादकांची बिदागी संगीत-प्रकाशक भरत असे आणि त्या बदल्यात संगीताचे प्रकाशनहक्क, बहुतेक वेळा मूळ ध्वनिफितींसह, त्याच्याकडे जात. रोममध्ये १९५९ साली सुरू झालेली सी.ए.एम. ही अशा प्रकाशकांतली सर्वांत ठळक संस्था. चित्रपट पडला तरी प्रकाशकाचे फारसे बिघडत नसे, कारण तेच संगीत रेडिओ आणि दूरचित्रवाणीवर वाजले की त्याला मानधन मिळे. त्यासाठी तो थोड्या प्रतींच्या, विक्रीसाठी नसलेल्या तबकड्या काढून प्रसारण केंद्रांना पाठवत असे. ज्याच्या दृष्टीने संगीत हीच मालमत्ता होती, त्याने फिती नीट लावून ठेवल्या. चित्रपटाच्या प्रिंट मात्र कुठे गेल्या याची चौकशी कुणी केली नाही.

हा मुद्दा आपल्याकडच्या उदाहरणाने लवकर ध्यानात येईल. हिंदी चित्रपटांच्या बाबतीत रेकॉर्ड कंपन्यांनी विकत घेतली ती मुख्यतः गाणी, त्यामुळे गाण्यांच्या फिती टिकल्या. पार्श्वसंगीत बहुधा निर्मात्याकडच्या ध्वनिपट्टीत संवाद, पावलांचे आवाज आणि गोळीबार यांच्यात मिसळून राहिले, आणि पुढे ते सुटे करून ऐकवायचे म्हटले तर हाती काही उरले नाही. मुंबईत ते वाजवणारे वादक रोमच्या वादकांपेक्षा कमी तोलामोलाचे होते असे कुणी म्हणणार नाही. फरक पडला तो पैसे कुणी भरले आणि म्हणून फीत कुणाच्या कपाटात गेली, यामुळे.

या संगीताचा जो आवाज आज 'इटालियन' म्हणून चटकन ओळखू येतो, तो मोजक्या माणसांनी घडवलेला आहे. संगीतकार एन्नियो मोरिकोने यांना 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' या १९६४च्या पहिल्या गाजलेल्या काउबॉयपटासाठी मोठा वाद्यवृंद परवडत नव्हता, म्हणून शीळ, चाबकाचा फटकारा आणि विद्युत गिटार यांना पुढे आणले गेले. ती शीळ आणि ती गिटार अलेस्सांद्रो अलेस्सांद्रोनी यांची. शब्दांवाचून गाणारा, दुरून वाऱ्यावर यावा तसा येणारा स्त्रीस्वर एद्दा देल्लोर्सो यांचा. १९६८च्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मधला माउथ ऑर्गन फ्रांको दे जेमिनी यांचा, आणि रोममधल्या 'बीट रेकॉर्ड्स' या कंपनीमागेही हेच गृहस्थ होते. मराठी वाचकाला हा माउथ ऑर्गन परका वाटण्याचे कारण नाही, कारण 'शोले'मधला भानू गुप्तांनी वाजवलेला माउथ ऑर्गन त्याच कुळातला आहे. रोमच्या पियात्सा एउक्लिदे या चौकातल्या चर्चच्या तळघरात मोरिकोने, लुईस बाकालोव, आर्मांदो त्रोवायोली आणि पिएरो पिच्चोनी या चार संगीतकारांनी मिळून एक स्टुडिओ उभारला, आणि तेच वादक आठवड्यात एका भयपटासाठी, एका विनोदीपटासाठी आणि एखाद्या गंभीर दिग्दर्शकासाठी तिथे वाजवून जात. चित्रपटाचा दर्जा आणि संगीताचा दर्जा यांचा संबंध त्यामुळे जवळजवळ तुटलाच होता. सुमार चित्रपटात तर संगीतकाराला अधिक मोकळीक मिळे, कारण त्याला कुणी विचारायलाच येत नसे.

फ्रान्समधली गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे मिशेल लग्राँ आणि जॉर्ज दलरू यांच्यासारखे रीतसर शिक्षण घेतलेले संगीतकार होते, तसाच फ्रान्सवा द रुबे हा स्वतःच शिकलेला माणूसही होता. त्याने पॅरिसमधल्या आपल्या राहत्या घरी अनेक ट्रॅकची टेप मशीन आणि सिंथेसायझर मांडले, एकेक वाद्य स्वतः वाजवून थरावर थर चढवले आणि वाद्यवृंदाशिवाय चित्रपटांना संगीत दिले. आज घरच्या संगणकावर जे कुणीही करते ते तो १९७०च्या सुमारास करत होता. १९७५ साली कॅनरी बेटांजवळ समुद्रात बुडी मारताना, वयाच्या ३६व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. पुढच्या वर्षी सेझार या फ्रेंच चित्रपट-पुरस्कारांची सुरुवात झाली आणि संगीताचा पहिलाच सेझार त्याला मरणोत्तर मिळाला. घरी केलेले ध्वनिमुद्रण प्रकाशकाच्या वहीत नोंदलेले नसते. त्यामुळे असे संगीत पुन्हा प्रसिद्ध करायचे झाले, तर कंपनीच्या गोदामाआधी कुटुंबीयांच्या घरी जावे लागते.

हा ठेवा प्रथम जागा केला तो अभिलेखागारांनी नव्हे, जुन्या बाजारात तबकड्या चाळणाऱ्या शौकिनांनी आणि डीजे मंडळींनी. त्यांना चित्रपटाशी देणेघेणे नव्हते. तबकडीच्या दुसऱ्या बाजूला शेवटून दुसऱ्या जागी ढोल आणि बेस यांचा चार मात्रांचा एखादा तुकडा मोकळा सापडतो का, एवढेच ते पाहत. असा तुकडा कापून नव्या गाण्यात बसवणे म्हणजे सँपल करणे. अलाँ गोरागे यांनी 'ला प्लानेत सोव्हाज' या १९७३च्या फ्रेंच सचेतनपटाला दिलेले संगीत हिप-हॉपवाल्यांनी असेच उचलले, आणि द रुबेची एक तंतुवाद्यांची धून २००० साली रॉबी विल्यम्सच्या 'सुप्रीम'मध्ये जाऊन बसली. मिलानहून १९९६ पासून 'ईझी टेम्पो' नावाची संकलने निघू लागली. फ्रान्समध्ये २००० सालापासून स्तेफान लरूज यांनी 'एकुते ल सिनेमा' ही मालिका चालवली, आणि तिचे शंभराहून अधिक भाग निघाले. सी.ए.एम.चा दोन हजारांहून अधिक चित्रपटांचा संग्रह २०११ साली मिलानच्या 'शुगर' या प्रकाशनसंस्थेकडे गेला, आणि २०२०च्या अखेरीस, मोरिकोने यांच्या निधनानंतर काही महिन्यांनी, त्यांच्या कमी ऐकलेल्या रचनांचे 'मोरिकोने सेग्रेतो' हे संकलन त्यातून बाहेर आले.

आता प्रत्यक्ष फीत पाहू, कारण 'रीमास्टर' या एका शब्दाआड बरेच काही दडलेले असते.

कपाटातून निघतो तो पुठ्ठ्याचा चौकोनी खोका. त्यावर पेनने चित्रपटाचे तात्पुरते नाव लिहिलेले असते, आणि ते पुढे बदललेले असण्याचा संभव मोठा. खाली 'सेक. १', 'सेक. ७ – दुसरा टेक' अशा नोंदी असतात, म्हणजे चित्रपटातला पहिला तुकडा, सातवा तुकडा. 'तितोली' लिहिले असेल तर ती श्रेयनामावलीची धून. यावरून कोणता तुकडा कोणत्या प्रसंगाचा हे ठरवण्यासाठी चित्रपट समोर लावून बसावे लागते, आणि बऱ्याचदा लक्षात येते, की फितीवर चित्रपटात न आलेलेही बरेच काही आहे.

मग फीत कशाची आहे ते पाहतात. रीळ उजेडासमोर आडवे धरले आणि गुंडाळीतून प्रकाश आरपार झिरपला, तर फीत ॲसिटेटची. मिट्ट काळोख दिसला तर बहुधा पॉलिएस्टरची. ही तपासणी क्षुल्लक वाटते, पण पुढचे सगळे उपचार तिच्यावर ठरतात. पॉलिएस्टरच्या काही फितींत, विशेषतः १९७०च्या दशकापासूनच्या काही अमेरिकी बनावटीच्या फितींत, चुंबकीय भुकटी धरून ठेवणारा चिकट थर हवेतली आर्द्रता शोषून खराब होतो. अशी फीत मशीनवर चढवली की कर्कश चिरकते, हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, तपकिरी चिखल साचतो आणि त्या चिखलाबरोबर संगीतच खरवडून निघते. त्यावरचा उपाय ऐकणाऱ्याला अघोरी वाटेल असा आहे: फीत सुमारे पन्नास अंश सेल्सिअसवर काही तास भाजायची. त्याने ओलावा निघून जातो आणि काही आठवडे फीत वाजवण्याजोगी राहते. तेवढ्यात तिची नक्कल करून घ्यायची. हाच प्रयोग ॲसिटेटच्या फितीवर केला तर ती वाळून वाकडी होईल आणि कायमची हातची जाईल. ॲसिटेटचा आजार निराळाच असतो. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर तिचे विघटन सुरू झाले आहे असे समजावे. चित्रपटाच्या पट्टीसारख्याच, कडेला भोके असलेल्या ३५ मिलिमीटर चुंबकीय पट्टीवर साठवलेल्या संगीताला ही बाधा हमखास होते.

सांधे हा आणखी एक नाजूक भाग. त्या काळी संपादन म्हणजे फीत ब्लेडने तिरकी कापून चिकटपट्टीने जोडणे. पन्नास वर्षांनी तो डिंक वाळलेला असतो आणि फीत पहिल्यांदा उलगडताना दर थोड्या मिनिटांनी ती सुटून येते. प्रत्येक सांधा सोडवून, स्वच्छ करून, नवी पट्टी लावून मगच पुढे जायचे असते. त्यानंतर मशीनच्या हेडचा कोन फितीवरच्या मुद्रणाशी जुळवायचा. हा कोन अंशभर जरी चुकला तरी वरचे स्वर, म्हणजे झांजांची चकाकी आणि गिटारच्या तारेवरचा नखाचा स्पर्श, धुरकट होतात, आणि पुढे कोणत्याही सॉफ्टवेअरने ते परत मिळत नाहीत. युरोपात आणि अमेरिकेत मुद्रणाच्या वेळी स्वर चढवण्या-उतरवण्याच्या पद्धती वेगळ्या होत्या. युरोपीय फीत अमेरिकी मापाने वाजवली तर बेस आणि वरचे स्वर दोन्ही मुळाबरहुकूम येत नाहीत. बाजारातल्या काही जुन्या पुनर्प्रकाशनांचा आवाज फसला आहे तो अशाच साध्या चुकांमुळे, असा माझा कानाचा अंदाज आहे.

एक बारकावा मला स्वतःला फार आवडतो. फीत गुंडाळलेली असताना एका थराचे चुंबकत्व शेजारच्या थरावर हलके उमटते, आणि मग शांततेत, वाद्ये सुरू होण्याच्या क्षणभर आधीच, त्यांचा भुतासारखा पूर्वध्वनी ऐकू येतो. म्हणून जाणते तंत्रज्ञ फीत वाजवून झाल्यावर उलटी न गुंडाळता, शेवटचे टोक बाहेर राहील अशीच ठेवत. उमटायचे ते तरीही उमटते, पण त्यातला ठळक ठसा मूळ आवाजाच्या नंतर पडतो आणि खोलीच्या घुमाऱ्यात जिरून जातो.

एकदा संगीत संगणकात उतरले की खरा मोह सुरू होतो. जुन्या फितीला सुळसुळ असते आणि ती काढून टाकणारी साधने आज स्वस्त आहेत. पण देल्लोर्सो यांचा स्वर विरत विरत जिथे नाहीसा होतो, तिथे तो सुळसुळीच्याच पातळीवर आलेला असतो. सुळसुळ पुसली की स्वराचे शेपूट आणि त्या तळघराची हवा दोन्ही पुसले जातात, आणि उरतो तो प्लॅस्टिकच्या फुलासारखा स्वच्छ आवाज. माझे मत स्पष्ट आहे: टकटक, तुटलेले सांधे आणि विजेची घरघर काढावी, सुळसुळ मात्र राहू द्यावी. आजच्या गाण्यांच्या बरोबरीने मोठा आवाज यावा म्हणून चढ-उतार दाबून सपाट करणे तर या संगीताच्या मुळावरच येते, कारण कुजबुज आणि कडकडाट यांतल्या अंतरावरच ते उभे आहे.

मूळ फीतच नसेल तर दोन वाटा उरतात. परदेशी भाषांतल्या डबिंगसाठी संवाद वगळून संगीत आणि आवाज यांची एक वेगळी पट्टी केलेली असे. ती सापडली तर संगीत मिळते, पण घोड्यांच्या टापांसकट. अलीकडची संगणकीय साधने टापा बाजूला काढू शकतात, मात्र टापा जिथे तालावर पडतात तिथे तालवाद्यालाही ओरखडा उठतो. दुसरी वाट म्हणजे स्वरलिपीवरून, किंवा तीही नसेल तर कानाने ऐकून पुन्हा लिहून काढून, नव्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेणे. प्रागमधला वाद्यवृंद अशा कामासाठी बराच नावाजलेला आहे. सूर तेच येतात, पण त्या वेळचा मायक्रोफोन, खोली आणि वादकाची लकब येत नाही.

हक्कांचे प्रकरण किचकट आहे, पण एका उदाहरणाने उलगडते. 'ला दोल्चे व्हिता' १९६० सालचा, संगीत नीनो रोता यांचे. रचनेवरचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतो आणि रोता १९७९ साली वारले, म्हणजे रचना २०४९ अखेरपर्यंत संरक्षित. ध्वनिमुद्रणावरचा हक्क वेगळा: युरोपात तो ५० वर्षांचा होता, युरोपीय संघाच्या २०११च्या निर्देशाने ७० झाला, पण १९६३ पूर्वी प्रसिद्ध झालेली मुद्रणे तोवर मुक्त झाली होती आणि ती मुक्तच राहिली. म्हणून रचनेचे मानधन भरून १९६०च्या तबकडीची नक्कल युरोपात कुणीही काढू शकतो, आणि काढतातही. मूळ फीत मात्र एकाच कपाटात असते. अधिकृत पुनर्प्रकाशनासाठी जास्त पैसे मोजावेत की नाही, याचा निर्णय बहुतांशी इथेच होतो. फ्रान्समध्ये याशिवाय लेखकाचा नैतिक हक्क असतो. तो कधी संपत नाही आणि वारसांकडे जातो, त्यामुळे वडिलांच्या रचनेची मोडतोड झाली असे वाटले तर मुले आजही हरकत घेऊ शकतात.

एवढे सगळे झाल्यावर ऐकणाऱ्याचा प्रश्न येतो. चित्रपटासाठी एकच धून चौदा रूपांत वाजवलेली असते, कुठे चाळीस सेकंद, कुठे तीन मिनिटे. सगळे जसेच्या तसे छापले तर संग्राहक खूश होतो आणि बाकीचे लोक चौथ्या तुकड्यानंतर उठतात. तबकडीच्या एका बाजूला चांगल्या आवाजात वीस-बावीस मिनिटेच मावतात, आणि ही अडचण माझ्या मते उपकारकच ठरली आहे, कारण तिने निवड करायला भाग पाडले. चित्रपट न पाहिलेल्या माणसाला ही धून कुठून सुरू झाली, कुठे वळली आणि कुठे मिटली हे कळले पाहिजे, आणि ते काम संपादक करतो.

काहींनी फितींच्याही पलीकडे जाऊन पाहिले. मिलानचा 'कालिब्रो ३५' हा चमू इटालियन गुन्हेगारीपटांचे संगीत मंचावर वाजवतो. 'क्रेझी' घडवणाऱ्या जोडीतला डेंजर माउस तर थेट रोमला गेला. संगीतकार दानिएले लुप्पी यांच्याबरोबर त्याने त्या चर्चखालच्या स्टुडिओत, जुन्या काळची यंत्रे लावून, अलेस्सांद्रोनी यांचा कोरस आणि देल्लोर्सो यांना पुन्हा एकत्र आणले. पाच वर्षे चाललेल्या त्या कामातून २०११ साली 'रोम' नावाचा अल्बम निघाला. त्याच्या मागे एकही चित्रपट नाही. पहिल्याच रचनेत देल्लोर्सो यांचा तो शब्दांवाचूनचा स्वर येतो. वयाने तो थोडा खाली उतरलेला आहे आणि श्वास ऐकू येतो, आणि तो श्वास कुणी पुसलेला नाही.